दोन खोल्यांचा प्रकल्प

“आपण उष्ण कटिबंधात राहतो, हे तुला माहीत आहे का?” डेव्हिड उजागरे यांनी मोबाइलवरची नजर न हलवता विचारलं.

ग्लॅडिसबाई गवार मोडत होत्या. मे महिना होता, दौंडचं ऊन होतं आणि डोक्यावरचा पंखा गरम हवा इकडची तिकडं करत होता.

“मला वाटलं, आपण भाड्यानं राहतो,” त्या म्हणाल्या.

दोघांचंही बरोबर होतं. उजागरे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि स्टेशनामागच्या एका इमारतीत तात्पुरतं बिऱ्हाड थाटलं. तात्पुरत्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. स्वतःचं घर बांधायचं यावर नवराबायकोचं एकमत होतं. कुठं बांधायचं यावर नव्हतं. उजागऱ्यांचा जन्म दौंडातला. रुळांचा खडखडाट ऐकू आला नाही तर त्यांना झोप लागत नसे. ग्लॅडिसबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यांचं माहेर शिरूरचं, आणि रुळांच्या खडखडाटानं त्यांची झोप लग्नापासून उडालेली होती. दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहत होती आणि दोघांपैकी कुणीच पूल ओलांडायला तयार नव्हतं.

अशा वेळी आखातात, दोह्याला नोकरी करणाऱ्या मुलानं, जोनाथननं, बापाला एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा उष्ण देशात समुद्रकाठी बंगला घेतलेला एक गोरा गृहस्थ त्यात सांगत होता, की आधी घर बघू नका, आधी प्रदेश बघा. वारं कुठून येतं ते बघा. जमिनीत पाणी मुरतं का ते बघा. आणि जे काही बघायचं ते वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात बघा.

“तो समुद्राबद्दल बोलतोय,” ग्लॅडिसबाई म्हणाल्या.

“देश उष्ण असला म्हणजे झालं. आपल्याकडं समुद्र नाही, भीमा आहे. आणि सगळ्यात वाईट महिना चालूच आहे.”

उजागऱ्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की ती मालगाडीसारखी असे. सुटायला वेळ लागे, पण थांबवणं अवघड. त्यांनी कुदळ आणली, पाण्याचा कॅन भरला, आणि वाऱ्याची दिशा बघायला कपाटातून आपली हिरवी झेंडी काढली. ती रेल्वेला परत करायची राहून गेली होती.

सत्यजीत नावाच्या दौंडच्या एका एजंटानं मांडवगण फराट्याला गावठाणातली एक जागा सुचवली होती. “सर, तालुका शिरूर, बाजार दौंड. म्हणजे मॅडमपण खूश, तुम्हीपण खूश,” असं त्याचं म्हणणं. त्याला स्वतःला त्या दिवशी वेळ नव्हता. “तुम्ही बघून या, मालकाशी मी नंतर बोलतो,” एवढं सांगून त्यानं जागेचा नकाशा मोबाइलवर पाठवून दिला.

गाडी म्हाळू ड्रायव्हरची होती, भाड्यानं ठरवलेली. म्हाळूची पांढरी बोलेरो मार्चपर्यंत एका सरकारी ऑफिसला लावलेली होती. ऑफिसचा करार संपला, पण पुढच्या काचेतली ‘महाराष्ट्र शासन’ ही पाटी तशीच राहिली होती.

“अरे, ही काढ की,” उजागरे म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या सायेब. हाटेलात बरी पडती.”

आणि पाटी राहिली.

*

मांडवगणची जागा वेशीच्या अलीकडं होती. एका बाजूला बाभळी, समोर डांबरी रस्ता, पलीकडं लांबवर उसाची हिरवी भिंत. उजागऱ्यांनी मधोमध झेंडी रोवली आणि कमरेवर हात ठेवून वाऱ्याची वाट बघत उभे राहिले. मग कुदळ घेऊन खणायला लागले. वीतभर खाली गेल्यावर खणकन आवाज आला. खडक. त्यांनी खड्ड्यात पाणी ओतलं, खिशातून घड्याळ काढलं, आणि गाडी सुटायच्या वेळी बघावं तसं कधी घड्याळाकडं, कधी पाण्याकडं बघायला लागले. पाणी जागचं हललं नाही.

तेवढ्यात ग्लॅडिसबाईंनी रस्त्यानं चाललेल्या एका बाईंना थांबवलं. कपाळाला मोठं कुंकू, हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांचं नाव सरूबाई.

“इथं डास किती आहेत हो?” ग्लॅडिसबाईंनी विचारलं. “पुराचं पाणी कुठपर्यंत येतं? आणि रात्री-अपरात्री काही झालं तर दवाखाना किती लांब?”

सरूबाईंनी होतं तेवढं सांगितलं. मग झेंडीकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं, गाडीच्या काचेकडं बघितलं, आणि कोथिंबीर पदराखाली घेऊन झपाझप घराकडं निघाल्या.

तिकडं लिंबाच्या सावलीत चारपाच माणसांनी म्हाळूला घेरलं होतं.

“कुठलं सायेब म्हनायचं?”

म्हाळूनं सकाळपासून एका वडापावावर गाडी हाकली होती. त्यानं गावाकडं बघितलं. घरांतून फोडणीचा वास येत होता.

“लई वरचं हायेत,” तो म्हणाला.

“पुन्याचं?”

“त्याच्याबी वरचं. आन् त्यास्नी जेवान टायमावर लागतं.”

थोड्याच वेळात हौसराव आले. पांढरी टोपी, काळा गॉगल, कडक इस्त्री. सोसायटीचे माजी चेअरमन, आणि या जागेचे मालकही तेच. सरूबाई त्यांच्याच मंडळी. घरी जाऊन त्यांनी वर्दी दिली होती.

“रामराम सायेब. पाहणी चाललीय जनू?”

“हो, जागा बघतोय,” उजागरे म्हणाले.

“ते दिसतंयच. पर कशापायी?”

“घर बांधायचंय.”

हौसरावांनी गॉगल काढला. “किती?”

“किती म्हणजे?”

“किती घरं?”

“एकच. दोन खोल्या.”

हळूहळू हौसरावांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “दोन खोल्या! बरं बरं. आपून न्हाई इचारत.”

“अहो, खरंच. मी रेल्वेत गार्ड होतो.”

“व्हय, व्हय. गार्डच असनार.” हौसरावांनी मागं वळून लिंबाखालच्या माणसांना डोळा मारला.

“बरं, इथं वारं कुठल्या बाजूनं येतं?” उजागऱ्यांनी झेंडीकडं बोट केलं.

हा प्रश्न ऐकला आणि लिंबाखालची कुजबुज एकदम बंद पडली. मग मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “इमानतळ हाय.”

“कशावरनं?”

“वाऱ्याची दिशा दुसऱ्या कशाला लागती? घराला? इमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवत्यात.”

“आन् पानी ओतून काय बघत्यात?”

“धावपट्टीवर तुंबाया नको.”

“बाईंनी दवाखान्याचं इचारलं.”

“पडलंबिडलं तर लागंलच की.”

इतकं सगळं जुळून आल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

*

हौसरावांनी पाहुण्यांना उपाशी जाऊ दिलं नाही. पडवीत सतरंज्या अंथरल्या गेल्या. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, वर लिंबू-कांदा. म्हाळूच्या ताटात तर नळी न मागता पडली. निम्मं गाव भिंतीला टेकून बसलं होतं आणि निम्मं खिडकीतून बघत होतं.

ताट समोर आल्यावर उजागरे आणि ग्लॅडिसबाई यांनी रोजच्या सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात प्रार्थना केली.

“सायेब इचार करत्यात,” हौसराव कुजबुजले. “कुनी खोकू नका.”

पडवीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. उजागऱ्यांची प्रार्थना जरा लांबली, कारण रश्श्याच्या वासानं त्यांचं मन मधेच भरकटलं होतं आणि त्याबद्दल त्यांना देवाची माफी मागावी लागली. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “आमेन.”

“काय म्हनले?” मागच्या ओळीतून प्रश्न आला.

“मान्य म्हनले.”

“मान्य?”

“मान्य! सोताच्या कानानं ऐकलं.”

ही बातमी पडवीतून अंगणात, अंगणातून पारावर आणि पारावरून मोबाइलवर गेली. उजागरे त्या वेळी दुसरी भाकरी मोडत होते.

आत स्वयंपाकघरात ग्लॅडिसबाईंचं मात्र वेगळंच जमलं होतं. हौसरावांची नात वैष्णवी नर्सिंगचा कोर्स करून नुकतीच आली होती. मिशनच्या दवाखान्यातल्या बाई म्हटल्यावर ती त्यांच्याजवळून हलेना. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा पाटसचा, कारखान्यात लॅबमध्ये कामाला, नाव रविराज. ते नाव घेताना तिच्या हातातली पळी दोनदा पातेल्याला लागली. निघताना तिनं ग्लॅडिसबाईंचा नंबर घेतला. हौसरावांनी उजागऱ्यांना शाल पांघरली, नारळ दिला, आणि सगळ्या गावासकट फोटो काढला.

“काय माणसं आहेत!” परतीच्या वाटेवर उजागरे शाल सावरत म्हणाले. त्या उन्हात ती काढायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. “जागा खडकाळ आहे, पाणी मुरत नाही, ते काही जमायचं नाही. पण माणसं बघ.”

“माणसांचं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय,” ग्लॅडिसबाई म्हणाल्या. “तुम्हाला निरोप देताना त्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, तिकीट किती असेल म्हणून.”

*

काय चुकलं होतं ते पुढच्या शनिवारी कवठे येमाईला कळलं. ग्लॅडिसबाईंच्या माहेराकडचा भाग, पाणी चांगलं, हवा बरी, म्हणून तिकडं एक जागा बघायची होती. गावात शिरायच्या आधीच रस्त्यावर दहापंधरा बायका उभ्या दिसल्या. सगळ्यांत पुढं साळूबाई नावाची एक उंच, काटक बाई. तिच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलात शाल पांघरलेले उजागरे होते.

“ह्योच तो,” ती म्हणाली. “गाडी फिरवा. मांडवगणला मान्य झालंय न्हवं इमानतळ? मग तितंच करा. आमी एक वाफा देनार न्हाई.”

उजागऱ्यांना विमानतळाचं हे पहिल्यांदाच समजत होतं. ते खाली उतरले तर झेंडी हातातच होती. ती बघून बायका आणखी खवळल्या. शेवटी ग्लॅडिसबाई पुढं झाल्या.

“मावशी, कसला विमानतळ नि कसलं काय. आम्ही म्हातारा-म्हातारी. दोन खोल्या बांधायच्यात.”

“पयल्यांदा दोनच खोल्या असत्यात,” साळूबाई म्हणाली. “मग त्याला कंपाउंड येतं. कंपाउंडाला गेट येतं. गेटावर वॉचमन येतो. आन् मग आमालाच इचारतो, कुनाकडं जायचंय.”

उजागऱ्यांनी झेंडी गुंडाळली. म्हाळूनं तर गाडी कधीच रिव्हर्सला टाकली होती.

मग पाटस झालं. तिथला जागामालक आदल्या दिवशीपर्यंत ‘कधीही या’ म्हणत होता. आता त्याला जागा विकायचीच नव्हती. दुसऱ्याचा फोन लागेना. तिसऱ्यानं सांगितलं की विमानतळाचा काय तो निकाल लागू द्या, मग बघू. उजागऱ्यांनी नकाशावर बोट ठेवावं आणि तिथली जमीन बाजारातून उठावी, असं सुरू झालं.

संध्याकाळी सत्यजीत घरी आला. केसाला जेल, हातात दोन फोन.

“सर, तुम्ही आता कुठं उतरू नका. तुम्ही उतरला की रेट चढतो.”

“अरे, मग तू सांग ना त्यांना! तुला तर माहीत आहे मी कोण ते.”

“सांगतो ना. पण त्याआधी एक विचार होता.” सत्यजीतनं खुर्ची पुढं ओढली. “माझं एक लेआउट वर्षभर पडून आहे. कुत्रं फिरकत नाही तिकडं. तुम्ही फक्त एकदा यायचं. काही बोलायचं नाही. झेंडी रोवायची, खड्डा खणायचा, पाणी ओतायचं, डोळे मिटायचे. कोपऱ्यातला प्लॉट तुमचा.”

खरं म्हणजे उजागऱ्यांनी ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं, पण कोपऱ्यातला प्लॉट त्यांच्या डोळ्यांसमोर तरळला. दोन बाजूंनी रस्ता, दोन बाजूंनी वारं.

“सत्यजीत,” ग्लॅडिसबाई म्हणाल्या, “चहा झाला असेल तर कप इकडं दे. आणि जाताना दार ओढून घे.”

दार लागल्यावर त्या नवऱ्याकडं वळल्या. “काय विचार करत होतात?”

“प्रार्थना करत होतो.”

“डोळे उघडे होते.”

*

त्यानंतर चार-सहा दिवसांनी वैष्णवीचा फोन आला. आधी नुसतं मुसमुसणं ऐकू आलं, मग शब्द.

“बाई, आबा माझं लग्न मोडायला निघाल्यात.”

“अगं, का?”

“इमानतळ येनार म्हनून. रविराजच्या घरच्यांना निरोप धाडलाय, जरा थांबा म्हनून. आता म्हनं पुन्याचं, न्हाईतर फॉरेनचं स्थळ बघायचं. मी इचारलं, रविराजमध्ये काय वाईट हाय, तर म्हनत्यात, इमानतळ दारात आल्यावर जावई यष्टीनं यायचा का?”

ग्लॅडिसबाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा वॉर्डात कुणी पथ्य मोडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

“आपण जेवलोय त्या घरात,” त्या म्हणाल्या.

“मग जाऊन खरं सांगू,” उजागरे म्हणाले.

“खरं तर तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगताय. घर, दोन खोल्या, गार्ड. कुणी ऐकलं?”

दोघंही विचार करत बसले. नसलेला विमानतळ रद्द कसा करायचा, हे व्हिडिओतल्या त्या गोऱ्या माणसानंही सांगितलेलं नव्हतं.

“साहेब म्हणून जाऊन नामंजूर केला तर?” ग्लॅडिसबाईंनी सुचवलं.

“मी खोटं बोलणार नाही, ग्लॅडिस. नोकरीत बोललो नाही, आता काय बोलायचं.”

“खोटं कोण म्हणतंय? ती जागा तुम्हाला पसंत आहे का?”

“नाही.”

“का नाही?”

“पाणी मुरत नाही.”

“मग हेच सांगायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. फक्त जरा उभं राहून सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी म्हाळूची गाडी पुन्हा निघाली. उजागऱ्यांनी पाटी आधी काढायला लावली आणि स्वतः सीटखाली सरकवली. त्याचा उपयोग असा झाला, की वेशीतून गाडी जाताना पारावरची माणसं एकमेकांना म्हणाली, “पाटी काढून आलेत. म्हंजी आज काहीतरी मोठं हाय.”

*

पडवी गच्च भरली. हौसरावांनी नवी टोपी घातली होती. सरूबाई दाराच्या आड, आणि त्यांच्या मागं रडून डोळे सुजलेली वैष्णवी. उजागरे सतरंजीवर बसले नाहीत. उभे राहिले, घसा साफ केला, आणि ब्रेकडाऊन झालेल्या गाडीचा रिपोर्ट द्यावा तशा आवाजात म्हणाले:

“हौसराव, आम्ही पाहणी केली. जागा नापसंत आहे.”

कुणीतरी हातातला पितळी तांब्या खाली ठेवला, त्याचा आवाज झाला.

“नापसंत?” हौसराव म्हणाले.

“पाणी मुरत नाही. मी बघत उभा होतो, खड्ड्यातलं पाणी जागचं हललं नाही.”

“आन् वारं?”

“वाऱ्यात विशेष काही नाही.”

हौसरावांनी एकदा खाली बघितलं, एकदा वर. मग आशेचा शेवटचा धागा धरून त्यांनी विचारलं, “वर कळवलंय का सायेब? का अजून काही व्हन्यासारखं हाय?”

उजागऱ्यांनी आढ्याकडं, आणि आढ्याच्याही पलीकडं बघितलं. “वर सगळं माहीत असतं,” ते अगदी मनापासून म्हणाले.

त्यावर हौसरावांनी हात जोडले. एकेक जण उठून जायला लागला. ज्यांना भरपाई हवी होती ते हळहळत गेले, ज्यांना ऊस वाचवायचा होता ते मिशीत हसत गेले. पडवी रिकामी झाली आणि हौसराव एकटेच मधोमध बसलेले दिसायला लागले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. उजागरे त्यांच्याजवळ येऊन बसले.

“हौसराव, माझं ऐका. मी मालगाडीवर गार्ड होतो. खरंच.”

“आता कशाला लपवता सायेब?” हौसराव थकलेल्या आवाजात म्हणाले. “आता तर नापसंत झाली की.”

मग ते दाराकडं वळले. “वैष्णे, पाटसला फोन लाव. म्हनावं, आबांच्या मनात काही न्हाई, ठरल्यापरमानं उरकून टाकू.”

दाराआड काहीतरी धडपडलं. फोन लावायला वैष्णवीला आत जायची गरज पडली नाही. तो तिच्या हातातच होता आणि रविराज बहुधा तिकडून सगळं ऐकतच होता.

सरूबाईंनी चहा आणला. हौसरावांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि अर्धा चहा संपवला.

“पर सायेब,” ते अचानक म्हणाले, “आमच्या आज्यानं ठिवलेली जागा हाय ती. नापसंत म्हनलेलं काळजाला लागलं बघा.”

“तसं नाही हो—”

“थांबा. सरकारला नसंल पटत, सरकार गेलं उडत. पर तुमी? तुमचं काय वय झालंय आता? बाईंचं? कवातरी निवांत ऱ्हायचंच की कुठंतरी. मी सांगतो ते ऐका. तितं तुमीच एक घर बांधा. मोठं नगं. दोन खोल्या बास.”

उजागऱ्यांच्या हातातली बशी कलली आणि चहा शर्टवर सांडला. ग्लॅडिसबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

“दोन खोल्या?” उजागऱ्यांनी विचारलं.

“दोन खोल्या. फुडं वटा. बाई आमच्या मंडळींना सोबत व्हतील. भाव जुनाच. इमानतळाचा भाव गेला इमानाबरुबर.”

“पण हौसराव, मी आत्ताच सगळ्यांसमोर म्हणालो, तिथं पाणी मुरत नाही.”

“पानी इमानतळाला मुराया पायजे. घराला कशाला? खाली सगळा खडक हाय. पाया शंभर वर्सं हलायचा न्हाई.”

उजागरे काहीतरी बोलणार होते. बहुधा त्या गोऱ्या माणसाचं मत सांगणार होते. पण ग्लॅडिसबाईंनी पदर खाली घेतला.

“अहो, इतकी वर्षं मी संडे स्कूलमध्ये पोरांना सांगत आले, शहाण्यानं घर खडकावर बांधावं म्हणून. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकलंय. आणि इथं साक्षात खडक लागला तर त्याला नापास करून मोकळे झालात?”

उजागऱ्यांना हे खरंच सुचलं नव्हतं. ते ओल्या शर्टाकडं बघत राहिले.

“घेतली,” ग्लॅडिसबाई हौसरावांना म्हणाल्या.

*

वैष्णवीचं लग्न झालं. जावई एसटीनं नाही, मित्राच्या मोटरसायकलवरून आला, आणि मांडवात उजागऱ्यांना व्याह्यांच्या रांगेत बसवलं गेलं. दिवाळीनंतर पाया खणायला सुरुवात झाली. दौंडहून पास्टर आले, चर्चच्या मंडळीतली चार माणसं आली, प्रार्थना झाली. हौसराव टोपी काढून उभे होते. गवंड्याच्या कुदळीचा आवाज खणकन झाला तेव्हा त्यांनी उजागऱ्यांकडं असं बघितलं, जणू खडक त्यांनी स्वतः आत नेऊन ठेवला होता.

तिकडं नदीच्या बाजूनं वारं सुटलं होतं. बरं होतं. उजागरे तोंड त्या बाजूला करून खुर्चीत बसले आणि जरा डोळा लागतोय तोच फोन वाजला. सत्यजीत होता.

“सर, अभिनंदन. तुमच्या शेजारची जागा मी घेतली.”

“तू? अरे वा. तुला इथं राहायचंय?”

“राहायचं कशाला सर? गाव सगळं बोलतंय ना. साहेब नापसंत म्हणाले आणि गुपचूप स्वतःच घर बांधायला लागले, म्हणजे आतली बातमी असणार. मागच्या पट्ट्यातल्या जागा सगळ्या उचलल्या लोकांनी. मी जरा उशीरच केला.”

उजागरे खुर्चीत सरळ बसले. “सत्यजीत, तुला तर माहीत आहे मी कोण आहे! तूच मला ही जागा सुचवलीस. माझ्या घरी बसून चहा प्यायलास.”

“हो सर, माहीत आहे ना. तुम्ही गार्ड होता. मालगाडीवर.” मग सत्यजीतनं आवाज एकदम खाली आणला. “पण सर, मला तरी खरं सांगा. कधी येतंय?”